हार्म हुल्स्टाइनचा लाल ट्रॅक्टर

एव्हर्ट वीनस्ट्राला पुरून लोक चर्चच्या तळघरात जेवायला उतरले, तेव्हा त्याची बायको हर्मिना स्वतःच कॉफीची किटली घेऊन टेबलांमधून फिरत होती. खरं तर त्या दिवशी तिनं एका जागी बसायचं आणि बाकीच्यांनी तिच्या हातात कप द्यायचा. पण शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबलेली बाई, तिला बसवेना. मधल्या टेबलाशी लेस्टर हुल्स्टाइन हॅमचा बन हातात धरून नव्या पाद्रीबुवांना माणसांची ओळख करून देत होता. पाद्रीबुवांनी विचारलं, "एव्हर्टची आणि तुमची दोस्ती होती म्हणे?"

"एव्हर्ट ना? भला माणूस," लेस्टर म्हणाला. "हिवाळ्यात माझे पार्ट धुऊन द्यायचा."

टेबलावरचे दोघंतिघं मायेनं हसले. हर्मिना त्याच्या पाठीशीच उभी होती. तिनं पुढे होऊन लेस्टरचा कप भरला. इतका काठोकाठ भरला, की त्याला तो उचलता येईना. मग ती पुढच्या टेबलाकडे गेली.

लेस्टरच्या शेडमध्ये एकतीस जुने ट्रॅक्टर होते, सगळे एकाच कंपनीचे, हिरव्या रंगाचे. त्यातल्या पाचांना राज्याच्या जत्रेत पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली होती आणि पाचांच्याही शेजारी फीत धरून उभ्या असलेल्या लेस्टरचे फोटो गावच्या बँकेत लागले होते. ते पाचही ट्रॅक्टर गंजके, गोठलेले, उंदरांची घरटी पोटात घेऊन एव्हर्टच्या गॅरेजमध्ये आले होते आणि स्वतःच्या आवाजात गात बाहेर पडले होते. पैशाचा प्रश्न नव्हता. लेस्टरनं प्रत्येक वेळी रोख मोजले होते. पण एव्हर्टचं नाव त्यानं कधी कुठं घेतलं नाही आणि एव्हर्टनं कधी मागितलं नाही. एव्हर्ट हसून म्हणायचा, "इंजिनाला ठाऊक आहे ना." हर्मिनाला तेव्हाही ते पटायचं नाही. पण नवरा जिवंत होता तोवर ती गप्प राहिली. आता गप्प राहायला कारण उरलं नव्हतं.

लेस्टरचं दुखरं ठिकाण कुठं आहे, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्याचे वडील हार्म यांनी सदतीस साली आपला पहिला ट्रॅक्टर घेतला होता, हिरवाच. त्यांच्या मांडीवर बसून लेस्टर नांगरटीला जायचा. ज्या वर्षी गारपिटीनं मका झोपवला, त्या वर्षी हार्मनी तो विकला आणि पुढच्याच वर्षी ते स्वतः वारले. लेस्टर चाळीस वर्षं तो ट्रॅक्टर शोधत होता. जुन्या यंत्रांच्या मासिकांत जाहिराती देत होता आणि रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला त्या ट्रॅक्टरच्या पितळी पट्टीवरचा नंबर येशूच्या वचनासारखा म्हणून दाखवत होता. तो नंबर हर्मिनालाही पाठ झाला होता. तिनं तोच नंबर घालून परराज्यांतल्या शेतीच्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, पण नणंदेच्या नावानं. नणंद टेना, एव्हर्टची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची.

"माझं नाव कशाला?" टेनानं विचारलं.

"माझं नाव कुणी वाचलं तर लेस्टरला कळेल."

"आणि मिळाला तर काय करणार?"

"आधी मिळू दे."

ऑगस्टमध्ये साउथ डकोटातल्या एका विधवेचं पत्र आलं. तिचा नवरा लोखंडाचा खिळासुद्धा कुणाला द्यायचा नाही. लेस्टर जुने ट्रॅक्टर असलेल्या सगळ्यांनाच चौकशीची पत्रं पाठवायचा, तीही तो न फोडता चुलीत टाकायचा. आता तो वारला होता आणि तिला घरामागचं झाडांचं रान मोकळं करून हवं होतं. त्या रानातच एक जुना ट्रॅक्टर उभा होता आणि त्याचा नंबर जुळत होता. टेनाचा नवरा ट्रेलर घेऊन गेला आणि ऑक्टोबरात हार्म हुल्स्टाइनचा ट्रॅक्टर ताडपत्रीखाली हर्मिनाच्या गॅरेजात येऊन उभा राहिला. मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून एक मनगटाएवढी जाड फांदी वाढून गेली होती. ती करवतीनं कापावी लागली.

तेव्हा तिचा बेत साधा होता. ट्रॅक्टर असा उभा करायचा, की त्याच्यापुढे लेस्टरचे एकतीसही भंगार दिसावेत. निळी फीत घ्यायची. आणि लेस्टरनं कितीही नाक घासलं तरी विकायचा नाही.

एव्हर्टला हत्यारं देता देता तिनं पुष्कळ पाहिलं होतं. व्हॉल्व्ह घासून बसवायचं काम तर तोच तिला द्यायचा, कारण तिचा हात हलका. पण पाहणं वेगळं आणि करणं वेगळं, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. दोन्ही पिस्टन सिलिंडरला असे चिकटले होते, जणू एकाच ओतकामातले. इंजिनाचं हेड उतरवून तिनं त्यांच्यावर तेल सोडलं आणि आठवडाभर मुरू दिलं. मग ओकचा ठोकळा ठेवून मोठ्या हातोड्यानं घाव घातले. पिस्टन हलेना. पुन्हा तेल, पुन्हा घाव. थँक्सगिव्हिंग गेलं, नाताळ गेला. तिच्या खांद्याला टेना रोज संध्याकाळी मलम चोळायची.

"आज लेस्टरच्या कुठल्या हाडाची पाळी होती?" ती विचारायची.

"बरगड्यांची."

"मग अजून गुडघे बाकी आहेत. सावकाश कर."

फेब्रुवारीत, बाहेर उणे वीस असताना, डावा पिस्टन केसभर सरकला. घावाचा आवाज बदलला म्हणून तिला कळलं. आधी तो दगडावर पडल्यासारखा येई, आता लाकडावर पडल्यासारखा आला. ती जमिनीवर बसून रडली. एव्हर्टसाठी रडली की आनंदानं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. मग उठून तिनं उजव्यावर घाव घालायला सुरुवात केली.

एक हिवाळा असा गेला. दुसऱ्यात तिनं ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडला, रेडिएटर झाळून आणला, गिअरपेटीतला गाळ विळ्यानं खरवडून काढला. चुका झाल्या. एक गॅस्केट उलटं बसवलं आणि सगळं पाणी तेलात उतरलं, तेव्हा तिनं मेलेल्या नवऱ्याला भरपूर शिव्या दिल्या. पण एप्रिलच्या पहिल्या उबदार दिवशी तिनं इंजिन सुरू करायचं डाव्या बाजूचं जड चाक दोन्ही हातांनी धरून ओढलं, तिसऱ्या झटक्याला इंजिनानं ढेकर दिला आणि पॉप, पॉप, पॉप करत ते चालू लागलं. शेजारची कुत्री भुंकू लागली. आता आवाज लपणार नव्हता.

शनिवारी लेस्टर आला. बायकोनं, डार्लीननं, भाजलेला बदामाचा रोल फॉइलमध्ये गुंडाळून आणला होता.

"ऐकलं की तू एव्हर्टचा उद्योग पुढं चालवलायस," तो म्हणाला. "म्हटलं बघून यावं. मदत लागली तर सांग."

"बघ की."

तो सवयीनं इंजिनाभोवती फिरला, दोन ठिकाणी बोटं फिरवली, मान डोलावली. मग मागे गेला. खिशातून चष्मा काढून पितळी पट्टीवर वाकला आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचला. उठला तेव्हा त्यानं एका हातानं चाक धरलं होतं.

"हर्मिना."

"हो. तोच."

"कुठं मिळाला?"

"शोधला."

"मी चाळीस वर्षं..." तो सीटवर हात ठेवून उभा राहिला. हर्मिनानं हा क्षण दोन हिवाळे मनात घोळवला होता. तो गोड लागेल असं तिला वाटलं होतं. गोड लागला.

"सांग, काय हवं. हवं ते सांग, मी हूं का चूं करणार नाही," लेस्टर म्हणाला.

मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. "पैसे नकोत. जुलैत जुन्या ट्रॅक्टरच्या शोच्या दिवशी माईक तुझ्याच हातात असतो ना? त्यात सांग, की फीतवाले पाचही ट्रॅक्टर एव्हर्ट वीनस्ट्रानं उभे केले. एवढं एक वाक्य. आणि हा घेऊन जा. फुकट."

लेस्टरनं टोपी काढली, पुन्हा घातली. त्याला तो ट्रॅक्टर किती हवा होता, ते त्याच्या मानेच्या शिरांत दिसत होतं. पण तो माणूसही ताठ होता.

"ते खरं नाही," तो म्हणाला. "ते ट्रॅक्टर मी शोधले, मी आणले. काय करायचं ते मी सांगायचो, तो करायचा. गोठा बांधणारा सुतार दारावर आपलं नाव घालतो का? मी चर्चचा एल्डर आहे. एका ट्रॅक्टरसाठी खोटं बोलणार नाही."

"खोटं?"

"त्याच्या हाताला गुण होता, नाही म्हणत नाही. पण..."

"पण पार्ट धुऊन द्यायचा," हर्मिना म्हणाली.

त्याला काही आठवलं नाही. ती पाहत राहिली, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल म्हणून. काही हललं नाही. दोन वर्षं तिच्या काळजात रुतलेलं वाक्य तो त्या तळघरातच बनच्या चुऱ्याबरोबर झटकून गेला होता.

"रोल घेऊन जा," ती म्हणाली. "मला बदाम चालत नाहीत."

सोमवारी तिनं ट्रॅक्टरचा पत्रा आणि चाकं गावाबाहेरच्या माणसाकडे नेली आणि वाळूच्या फवाऱ्यानं नागव्या लोखंडापर्यंत साफ करून घेतली. मग ती रंगाच्या दुकानात गेली. दुकानदार रॉजर हा एव्हर्टचा जुना गिऱ्हाईक आणि मित्र. तिनं मागितलेला डबा त्यानं काउंटरवर ठेवला आणि झाकणावरचा ठिपका तिच्याकडे वळवला.

"हर्मिना, चुकतेयस. हा लाल आहे."

"दोन डबे दे."

"अगं, सगळ्या गावाला ठाऊक आहे तुझ्या गॅरेजात काय आहे. तो हिरवा असतो."

"असायचा."

आमच्या भागात हिरवे आणि लाल हे नुसते रंग नाहीत, एकमेकींच्या वैरी अशा दोन ट्रॅक्टर कंपन्या आहेत. हिरव्यांच्या घरची मुलगी लाल घरात दिली, तर लग्नात पहिला विनोद त्यावरच होतो आणि शेवटचं भांडणही. रॉजरनं डबे पिशवीत घातले खरे, पण एखाद्याला उंदराचं औषध विकावं तशा चेहऱ्यानं.

टेना मात्र गॅरेजच्या दारातच थबकली. रंगाचा पहिला हात देऊन झाला होता. टेनाचं सासर लालवाल्यांचं, तरी तिचासुद्धा हात तोंडावर गेला.

"एव्हर्ट असता तर महिनाभर तुझ्याशी बोलला नसता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि तरी?"

"लेस्टर तळघरात बोलला तेव्हा एव्हर्ट शवपेटीत होता. ऐकलं मी." हर्मिनानं फवाऱ्याची तोटी पुसली. "सरक, उडेल अंगावर."

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी शोच्या मैदानावर धूळ होती आणि लोक खुर्च्या घेऊन दोन्ही बाजूंना बसले होते. लेस्टर नेहमीप्रमाणे गवताच्या गाड्यावर माईक घेऊन उभा. प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानं आपलं कार्ड आधी द्यायचं असतं. कोणतं साल, कोणाचा, कोणी उभा केला. गठ्ठा डार्लीनच्या हातात असे आणि ती एकेक कार्ड नवऱ्याच्या हातात देई. हर्मिनानं आपलं कार्ड स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं आणि रांगेत शेवटचा नंबर घेतला होता.

ती फाटकातून आत आली, तेव्हा आधी आवाज आला. दोन सिलिंडरांचा तो आवाज हिरव्यांचा म्हणून लहान पोरंही ओळखतात. माना वळल्या. आणि धुळीतून आला तो लालभडक ट्रॅक्टर, अंगभर आरशासारखा चकाकणारा, एक पत्रा इकडचा तिकडे नाही. कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग एकाएकी कुणीच हसेना, कारण लोकांना कळलं तो कुठला आहे.

लेस्टरच्या हातात कार्ड होतं. सवयीनं त्यानं वाचायला सुरुवात केली होती. "साल एकोणीसशे सदतीस. पहिले मालक, हार्म हुल्स्टाइन..."

मग त्यानं वर पाहिलं.

माईक चालूच होता. लाउडस्पीकरमधून नुसता श्वास ऐकू यायला लागला, म्हाताऱ्या माणसाचा. हर्मिना बरोबर त्याच्यासमोरून गेली. तिनं मान वळवली नाही, पण इंजिनाच्या आवाजातूनही तिला तो श्वास ऐकू आला. मैदानाचं टोक आलं. तिथून ट्रॅक्टर डावीकडे, उभ्या करायच्या जागी न्यायचा. तिनं चाक उजवीकडे वळवलं आणि दुसरी फेरी घेतली.

अशी दुसरी फेरी आजवर कुणी घेतली नव्हती. झेंडेवाला माणूस बाजूला सरकला. या वेळी लेस्टरनं माईक खाली केला होता. डार्लीननं त्याच्या हातातून तो घेतला, कार्ड घेतलं आणि ठाम, कोरड्या आवाजात अख्खं वाचून काढलं: "पहिले मालक हार्म हुल्स्टाइन. आताची मालकीण हर्मिना वीनस्ट्रा. उभा केला हर्मिना वीनस्ट्रानं. ही विद्या तिला तिचा नवरा एव्हर्ट यानं दिली. लेस्टर हुल्स्टाइन यांच्या शेडमधले निळ्या फितीचे पाचही ट्रॅक्टर त्याच्याच हातचे."

टाळ्या वाजल्या नाहीत. कुजबुज मात्र खुर्च्यांवरून वाऱ्यासारखी सरकत गेली.

परीक्षकांनी फीत दिली नाही. रंग चुकीचा म्हणून गुण कापले. त्यांचं बरोबरच होतं. तासाभरानं लेस्टर चालत आला. त्याच्या भोवतालचे लोक हळूच पांगले.

"आत हिरवाच आहे तो," तो म्हणाला. "तू वरून काहीही फास."

"आत प्रायमर आहे," हर्मिना म्हणाली. "मी लोखंडापर्यंत घासून घेतला. तुझ्या बापाच्या वेळचा एक ठिपकाही ठेवला नाही."

लेस्टरचे कान लाल झाले. त्यानं पुढच्या चाकावर हात ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एकदा बसू दे नुसता. चालवत नाही. बसतो."

"नाही."

तो वळला आणि गेला. चालताना त्याचा डावा पाय थोडा ओढत होता, हे तिनं प्रथमच पाहिलं.

ते समाधान हर्मिनाला मंगळवारपर्यंत पुरलं. बुधवारी ती गॅरेजात गेली तेव्हा तो लाल रंग तिच्याही डोळ्यांना खुपला. चांगल्या कामावर कुणी चहा सांडावा तसं वाटलं. ते सांडणारी आपणच, हेही ती विसरली नाही. पण रंग बदलायचा विचार मनात आला, की तळघरातलं ते मायेचं हसू कानात येई आणि ती दार ओढून घेई.

चर्चमध्ये लेस्टर तिला नमस्कार करीनासा झाला. चर्चचा कारभार बघणाऱ्या एल्डरांपैकी एकजण येऊन समजुतीच्या गोष्टी सांगून गेला. तिनं त्याला कॉफी दिली आणि दारापर्यंत पोचवलं. मात्र सप्टेंबरात पलीकडच्या गावचा एक अनोळखी माणूस आपलं गोठलेलं इंजिन घेऊन तिच्या दारात आला. ऑक्टोबरात आणखी एक आला.

नोव्हेंबरात फोन वाजला. डार्लीन होती.

"त्यानं पाट्या लावल्यात," ती म्हणाली. "एव्हर्टच्या नावाच्या. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी शेडमध्ये झाडायला गेले तर दिसल्या."

"केवढी अक्षरं?"

"चष्मा लागेल."

"आहे माझ्याकडे."

ती लगेच निघाली. लेस्टर शेडमध्येच होता, तेलाचा डबा घेऊन. त्यानं तिला आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तिनं चष्मा घातला आणि एकेका ट्रॅक्टरपुढे वाकून वाचलं. पितळेची छोटी पाटी, त्यावर कोरलेलं: काम, एव्हर्ट वीनस्ट्रा. स्पेलिंग बरोबर होतं. तिनं अंगठ्यानं ती पाटी पुसली.

"या तीन झाल्या," ती म्हणाली. "पाच होते."

"बाकीचे दोन माझे आहेत."

"कुठले दोन?"

"तो कडेचा. आणि हा."

"कडेच्याचे व्हॉल्व्ह मी घासलेत, लेस्टर. माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. तू त्या महिन्यात टेक्सासला होतास, बहिणीकडं."

लेस्टरनं डबा खाली ठेवला. बोटांवर काहीतरी मोजलं. "बरं, तो घे," तो शेवटी म्हणाला. "पण हा माझा. याचं इंजिन मी स्वतः उघडलंय."

"उघडलंस. बंद कुणी केलं?"

"थोडं मी, थोडं त्यानं."

"थोडं म्हणजे किती?"

डार्लीननं दारातून डोकं आत घालून कॉफी ठेवलीय म्हणून सांगितलं. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. लेस्टर गुडघ्यावर बसून त्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली काही दाखवत होता आणि हर्मिना चष्मा सरळ करून "ते नाही, त्याच्या मागचं" असं म्हणत होती.

आज त्या शेडमध्ये चार पाट्या आहेत. पाचवीचं भांडण मिटलेलं नाही. दोघंही ऐंशीच्या घरात आलेत आणि दर नोव्हेंबरात एकदा ते उकरून काढतात. हार्म हुल्स्टाइनचा ट्रॅक्टर हर्मिनाच्या गॅरेजात आहे, लालच. लेस्टरनं बसू दे म्हणून पुन्हा विचारलं नाही. तिनंही स्वतःहून म्हटलेलं नाही.